जुन्या भिंगाची निगा

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यांत, एक जुना कॅमेरा चामड्याच्या पेटींत पडून असतो. तो आजोबांचा असतो, काकांचा असतो, नाहीं तर मामांचा. घरांतील जुन्या छायाचित्रांची वही आपण वर्षांतून एकदां तरी उघडतों. परंतु ज्या भिंगांतून तीं चित्रें उतरलीं तें भिंग बाहेर काढून पाहण्याची बुद्धि आपल्याला सहसा होत नाहीं. आणि ज्या दिवशीं ती होते, त्या दिवशीं बहुधा घात होतो. माझ्या हातून तो एकदां झालेला आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर तेवढाच.

माझे मामा हौशी छायाचित्रकार होते. ते गेल्यानंतर कांहीं महिन्यांनीं मामींनीं त्यांचा लायका कॅमेरा माझ्यापुढें ठेवला आणि म्हटलें, "अरे, ह्यांनीं हा कधीं कोणाच्या हातीं दिला नाहीं. तूं घेऊन जा. पण वापर हो, नुसता ठेवून देऊं नकोस." पावसाळा नुकताच संपला होता. भिंगावर धूळ होती, आणि मधोमध एक पुसटसा डाग होता. मी घरीं आलों, आनंदाच्या भरांत भिंगावर तोंडानें फुंकर मारली, आणि सदऱ्याच्या टोकानें तें खसाखसा पुसलें. डाग गेला नाहीं, कारण तो आंतल्या बाजूस होता. कांचेवर मात्र बारीक ओरखड्यांचें एक जाळें कायमचें उमटलें. मामांनीं जें कित्येक वर्षें सांभाळलें, तें मीं अर्ध्या मिनिटांत बिघडवलें. त्या दिवशीं मला जें कळलें तें आरंभींच सांगून टाकतों : जुन्या भिंगाला वयापेक्षां पुसणाऱ्या हाताचें भय अधिक असतें.

आतां हें भिंग म्हणजे काय प्रकार आहे तें पाहूं. जर्मनींतील वेत्सलार या गांवीं सूक्ष्मदर्शक यंत्रें तयार करणारा लाइट्झ यांचा कारखाना होता. तेथें ओस्कार बार्नाक नांवाचे एक कुशल यंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा विकार होता. अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणें त्यांना झेपत नसे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटर एवढेंच लहान चित्र घ्यावें आणि तें मागाहून मोठें करावें, ही कल्पना त्यांनीं प्रत्यक्षांत आणली. पहिल्या महायुद्धापूर्वींच त्यांचा नमुना तयार झाला होता; पण लायका बाजारांत आला तो १९२५ सालीं, लाइप्झिगच्या जत्रेंत. एवढ्या लहान चित्रापासून मोठें चित्र करावयाचें तर भिंग अतिशय अचूक हवें. तें माक्स बेरेक यांनीं आंखून दिलें. त्यांचें चार कांचांचें, ५ सेंटिमीटर केंद्रांतराचें आणि एफ ३.५ छिद्राचें 'एल्मार' हें भिंग पुढें अनेक वर्षें तयार होत राहिलें. मामांच्या कॅमेऱ्यावर होतें तें हेंच. १९३३ सालीं त्याच कारखान्यानें एफ २ छिद्राचें आणखी एक भिंग काढलें. त्याचें नांव 'सुमार'. आपल्या भाषेंत हें नांव जरा विपरीत वाटतें. भिंग मात्र सुमार नव्हतें. अंधुक प्रकाशांत तें एल्मारच्या तिप्पट उजेड आंत घेई. फक्त त्याची पुढची कांच मऊ जातीची आहे, आणि आज सांपडणाऱ्या पुष्कळ सुमार भिंगांवर माझ्यासारख्यांच्या सदऱ्यांचे ओरखडे दिसतात.

१९३२ सालीं या कॅमेऱ्यांत भिंगाला जोडलेला अंतरमापक आला, आणि त्याचें रूप पालटलें. अंतरमापकाचें तत्त्व समजण्यास कोणतेंही यंत्र नको. आपला हात लांब करा, आंगठा समोरच्या भिंतीवरील घड्याळापुढें धरा, आणि एक डोळा मिटा. आतां तो उघडून दुसरा मिटा. आंगठा घड्याळावरून बाजूला सरकल्यासारखा दिसेल. आंगठा नाकाजवळ आणाल तर तो अधिक सरकेल. वस्तु जितकी जवळ, तितका हा फरक मोठा. आणि फरक मोजला कीं अंतर कळलें. कॅमेऱ्याच्या वरच्या भागांत दोन लहान खिडक्या असतात, त्या या दोन डोळ्यांच्या जागीं. दोहोंतून येणारीं चित्रें एकाच ठिकाणीं, एकावर एक, दिसतात. भिंग फिरवूं लागलें कीं त्यांतील एक चित्र सरकूं लागतें. दोन्हीं जुळून एक झालीं कीं भिंग बरोबर त्या अंतरावर आलें असें समजावें.

ही जुळणी घडते कशी? भिंग आट्यांवर फिरून पुढें आलें कीं त्याच्या मागची पितळी नळीही तेवढीच पुढें येते. कॅमेऱ्याच्या पोटांतील एक लहानसें चाक त्या नळीला टेकलेलें असतें. चाक हललें कीं अंतरमापकांतील परावर्तक हलतो. म्हणजे भिंग आणि कॅमेरा यांचा संबंध केवळ आट्यांचा नाहीं. तो स्पर्शाचा आहे. नळीच्या मागच्या कडेवर एकादा पोचा आला, किंवा तेथें मळ साठला, तरी अंतर चुकतें. म्हणून काढलेलें भिंग कधींही मागच्या तोंडावर उघडें ठेवूं नये. मागचें झांकण लावावें. भिंग बसवितांना त्याला पुढच्या कडेला किंवा फिरवण्याच्या दांडीला धरूं नये. बैठकीचें रुंद कडें धरावें. आटे फार बारीक आहेत. ३९ मिलिमीटर व्यास, आणि इंचांत २६. प्रथम भिंग किंचित् उलट दिशेला फिरवावें. आटा आपल्या जागीं आला कीं बोटांना बारीकसा धक्का जाणवतो. मग सुलट फिरवावें. जोर लावावा लागला तर समजावें कीं आटा चुकला आहे. थांबावें आणि पुन्हां आरंभ करावा.

फार जुन्या भिंगाच्या बाबतींत एक गोष्ट अगोदर पाहावी. आरंभीं प्रत्येक भिंग कारखान्यांत एकेका कॅमेऱ्याशीं जुळवून दिलें जाई. १९३१ पासून बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम करण्यांत आलें, आणि अशा भिंगांच्या बैठकीवर शून्याचा आंकडा कोरला जाऊं लागला. ही खूण नसलेलें त्या काळचें भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसेल, पण अचूक चित्र देईलच असें नाहीं.

वापराकडे वळूं. अंतरमापकाच्या कॅमेऱ्यांत आपण भिंगांतून पाहत नाहीं. शेजारच्या खिडकींतून पाहतों. त्यामुळें दोन चुका सर्वांच्या हातून होतात. पहिली, झांकण न काढतांच चित्र घेणें. दुसरी एल्मारसारख्या आंत सरकणाऱ्या भिंगांच्या बाबतींत : भिंग बाहेर ओढून, उजवीकडे फिरवून, पक्कें बसविण्यास विसरणें. खिडकींतून सर्व कांहीं सुरेख दिसत असतें, आणि फिल्म धुतल्यावर नुसतें धुकें हातीं येतें. कॅमेरा डोळ्याशीं नेण्यापूर्वीं बोटानें भिंग चांचपून पाहण्याची संवय लावली कीं दोन्हीं चुका टळतात.

तिसरी चूक अधिक महागाची आहे. या कॅमेऱ्यांचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो, आणि भिंग व पडदा यांच्यामध्यें आरसा नसतो. भिंग सूर्याकडे करून कॅमेरा टेबलावर ठेवला, तर लहानपणीं आपण बहिर्गोल भिंगानें कागद जाळीत असूं, तेंच येथें घडतें. पडद्याला टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पडतें, आणि पुढच्या प्रत्येक चित्रांत तें पांढरा ठिपका होऊन बसतें. उन्हांत वापर नसेल तेव्हां झांकण लावलेलें बरें.

जुन्या एल्मारवरील छिद्राचे आंकडे पाहून नवा माणूस गोंधळतो. ते ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५ आणि १८ असे आहेत. आजच्या प्रकाशमापकावर ४, ५.६, ८, ११, १६ असे आंकडे असतात. दोहोंत फारसा फरक नाहीं, ४.५ पासून पुढें जुना प्रत्येक आंकडा नव्याहून सुमारें एक तृतीयांश टप्पा पुढें आहे. मापकानें ८ सांगितलें तर ९ वर ठेवावें. साध्या फिल्मला एवढी तफावत सहज सोसते. हे आंकडे भिंगाच्या पुढच्या कडेवर बारीक अक्षरांत असतात, आणि छिद्र बदलतांना टक असा आवाज होत नाहीं. म्हणून छिद्र आधीं ठरवावें आणि मग अंतर जुळवावें.

चालत्या माणसांचीं चित्रें घ्यावयाचीं असतील तर अंतरमापक जुळवीत बसण्याइतका वेळ मिळत नाहीं. अशा वेळीं छिद्र ९ वर आणि अंतर १० फुटांवर ठेवून द्यावें. गणिताप्रमाणें सुमारें साडेसात फुटांपासून पंधरा फुटांपर्यंतचें सर्व कांहीं पुरेसें स्पष्ट येतें. बाजारांत किंवा लग्नघरांत एवढी मुभा पुष्कळ झाली. लहान कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचें भिंग एवढ्याच सामग्रीवर आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें आयुष्यांतील बहुतेक काम केलें. १९४८ सालच्या ३० जानेवारीला गांधीजींची अखेरची छायाचित्रें घेणाऱ्यांपैकीं ते एक होत.

महायुद्धापूर्वींच्या भिंगांचा एक स्वभावदोष मात्र ओळखून असावें. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारें चार ते पांच टक्के प्रकाश परत फिरतो. एल्मारच्या चार कांचांपैकीं दोन एकमेकींस चिकटवलेल्या असल्यामुळें हवेला लागलेले पृष्ठभाग सहा उरतात. तरी एकंदर प्रकाशाचा सुमारें चौथा हिस्सा असा वायां जातो. त्यांतील कांहीं आंतल्या आंत फिरून शेवटीं फिल्मवर पसरतो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो. यावर उपाय म्हणून कांचेवर अतिशय पातळ लेप देण्याची रीति त्साइस कारखान्यांतील आलेक्सांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं शोधली. पण सामान्य गिऱ्हाइकाच्या भिंगांवर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच रुळली. भिंगांत पाहिलें असतां दिव्याचें प्रतिबिंब निळसर दिसलें तर लेप आहे. पांढरें दिसलें तर नाहीं.

लेप नसलेल्या भिंगानें सूर्य पाठीशीं किंवा बाजूला ठेवून चित्र घ्यावें, पुढें सावली करणारी नळी लावावी, आणि नळी नसेल तर हाताची किंवा टोपीची आडोशी धरावी. ही काळजी घेतली कीं तोच दोष कधीं कधीं गुण ठरतो. आपल्याकडील दुपारचें ऊन फार कडक. नव्या भिंगांतून चेहऱ्यावरील सावल्या काळ्याठिक्कर पडतात. जुन्या भिंगाचा तो विखुरलेला प्रकाश सावल्यांत थोडासा उतरतो आणि चेहरा सौम्य येतो.

आतां निगा. जुनें भिंग हातीं आलें कीं पुसावयाचें नाहीं, पाहावयाचें. छिद्र पूर्ण उघडावें, एका बाजूनें बारीक विजेरीचा प्रकाश तिरपा सोडावा, आणि दुसऱ्या बाजूनें आंत पाहावें. आंत चार-पांच प्रकारचीं चिन्हें दिसूं शकतात. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. तिचा चित्रावर परिणाम होत नाहीं, तिला तशीच राहूं द्यावी. आरशावर श्वास सोडल्यासारखें सारखें धुकें दिसलें तर ती जुन्या वंगणाची वाफ कांचेवर बसलेली आहे. ती जाणत्या कारागिराकडून निघते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांटे फुटलेले तंतु दिसले तर ती बुरशी. कडेपाशीं इंद्रधनुष्याचे रंग किंवा बुडबुडे दिसले तर, दोन कांचा जोडणारा कॅनडा बाल्सम नांवाचा झाडाचा चीक सुटूं लागला आहे. दोष कडेपुरता असेल तर त्याला हात लावण्याचें कारण नाहीं. आणि छिद्राच्या पात्यांवर तेलाचे डाग दिसले तर पातीं अडत नसलीं तरी तें तेल पुढें वाफ होऊन कांचेवर येणार, हें ध्यानांत ठेवावें.

यांतील बुरशी ही आपल्या किनारपट्टीची खास पीडा आहे. मुंबई, कोंकण आणि गोवें येथें पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते कीं पुस्तकांना आणि चपलांनाही बुरा चढतो. भिंगाची कांच तरी कशी सुटावी? बुरशी कांच खात नाहीं. ती कांचेवरील धूळ, तेल आणि बोटांचे ठसे यांवर जगते. पण वाढतांना तिच्यांतून जीं आम्लें निघतात, तीं कांचेवर खोल खुणा पाडतात. लवकर साफ केली तर कांच निर्मळ होते. दोन-तीन पावसाळे गेले तर बुरशी निघते आणि तिची नक्षी मागें राहते. माझ्या मामांच्या भिंगांतील तो पुसट डाग बुरशीचाच होता. चामड्याच्या ज्या पेटींत तें इतक्या प्रेमानें ठेवलें होतें, ती पेटीच ओल धरून बसली होती.

म्हणून पावसाळ्याची तजवीज अशी करावी. चामडी पेटी वेगळी ठेवावी, भिंग वेगळें. भिंगासाठीं घट्ट झांकणाचा डबा घ्यावा, आणि त्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी. तिचे रंगीत मणी ओल धरल्यावर रंग बदलतात. तसे ते बदलले कीं मंद आंचेवर तापवून पुन्हां वापरावे. तांदुळांत भिंग पुरून ठेवण्याची एक युक्ति कांहीं जण सांगतात. ती करूं नये, कारण तांदुळाची भुकटी आट्यांत शिरते. डांबराच्या गोळ्याही डब्यांत नकोत. त्यांची वाफ थंड कांचेवर बसते. आणि आठवड्यांतून एकदां, कोरडा दिवस पाहून, भिंग बाहेर काढावें, अंतराचें कडें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दोन-चार वेळां फिरवावें, जरा उजेड आणि वारा लागूं द्यावा. वापरांत असलेल्या भिंगाला बुरशी क्वचित् लागते. वातानुकूलित खोलींतून दमट हवेंत जातांना कॅमेरा लगेच उघडूं नये; पिशवींतच कांहीं वेळ राहूं द्यावा, म्हणजे कांचेवर दंव धरत नाहीं.

पुसण्याची वेळ आलीच तर क्रम असा. प्रथम रबरी फुग्यानें वारा मारावा. तोंडानें नव्हे, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. मग मऊ कुंचल्यानें उरलेली धूळ अलगद उडवावी. बहुतेक वेळां येथेंच थांबावें. बोटाचा ठसा असेल तरच भिंगासाठीं मिळणारा पातळ कागद घ्यावा, त्यावर भिंगाच्या द्रवाचा एक थेंब टाकावा, आणि मध्यापासून कडेकडे, वजन न देतां, एकदां फिरवावा. थेंब कागदावर टाकावा, कांचेवर कधींही टाकूं नये. तो कडेच्या फटींतून आंत उतरतो. धूळ झाडल्याशिवाय पुसणें म्हणजे कांचेवर वाळूचा कागद घासणें होय.

दुसरा मोह तेलाचा. कित्येक वर्षांनीं आंतलें वंगण सुकतें आणि कडें जड फिरूं लागतें. घरांत शिवणयंत्राच्या तेलाची बाटली असतेच. एक थेंब सोडला तर काय बिघडलें, असें वाटतें. तो थेंब आट्यांवर थांबत नाहीं. तो पात्यांवर जातो, तेथून कांचेवर येतो, आणि एका दुखण्याचीं तीन होतात. जड झालेलें कडें हें काम जाणणाऱ्या कारागिराचेंच आहे. तो जुनें वंगण पूर्ण काढून नवें भरतो. त्याच्याकडे जातांना एवढेंच स्पष्ट सांगावें कीं आंतलें धुकें आणि बुरशी काढावी, पण पुढची कांच घांसून चकचकीत करूं नये. कांचेचा मूळ गोलवा बदलला तर बाहेरून तेज आलें तरी चित्रांतील रेखीवपणा जातो.

भिंग आणि अंतरमापक यांची जुळणी घरींही तपासतां येते. रात्रीं चंद्राकडे पाहावें. भिंग अनंतावर टेकलें असतां दोन चंद्र मिळून एक व्हावयास हवेत. मग टेबलावर पांच पुस्तकें तिरप्या ओळींत उभीं करावीं, मधल्या पुस्तकावर अंतर जुळवावें, आणि छिद्र पूर्ण उघडून चित्र घ्यावें. मधल्याऐवजीं पुढचें किंवा मागचें पुस्तक स्पष्ट आलें तर कांहीं तरी ढळलें आहे. दोष कोणाचा हें ठरविण्यास दुसरें भिंग लावून पाहावें. आजच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही मधें एक कडें बसवून हीं भिंगें लावतां येतात. तेथें पडद्यावर प्रत्यक्ष चित्रच दिसत असल्यामुळें भिंगाची स्वतंत्र परीक्षा होते. मात्र तेथें एल्मार आंत सरकवण्यापूर्वीं पुरेशी जागा आहे याची खात्री करून घ्यावी. नाहीं तर नळी आंतल्या नाजुक भागांवर आदळेल.

मामांचें भिंग मीं कारागिराकडून उघडून घेतलें. बुरशी निघाली, तिची फिकट नक्षी राहिली. माझे ओरखडेही राहिले. उजेड समोर आला कीं ते चित्रावर धुक्यासारखे पसरतात; मी सावली धरतों, आणि काम चालतें. गेल्या दिवाळींत मामींना खिडकीशेजारीं बसवून त्यांचें एक चित्र घेतलें. चष्मा लावून त्यांनीं तें बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "ह्यांच्या हातच्यासारखा आलाय रे." मीं ओरखड्यांविषयीं अजून त्यांना सांगितलेलें नाहीं.

आपल्या कपाटांत असें एकादें भिंग असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशीं तें खालीं काढा, चामडी पेटींतून बाहेर घ्या, आणि उजेडासमोर धरून आंत पाहा. मात्र तेवढ्यानें थांबा. सदऱ्याचें टोंक हातांतून सोडून द्या.